दावण सोडली: मुक्त गोठ्याच्या नोंदी (फलटण तालुका)

6 ऑक्टोबर 2024, रविवार

आजपासून गोठ्याची वही वेगळी. आतापर्यंत गाय कधी भरवली (रेतन केलं), कधी आटवली (दूध बंद केलं) हे कॅलेंडरच्या मागे लिहायचो आणि डिसेंबर संपला की कॅलेंडर चुलीत.

काम असं आहे: गाई दावणीवरून सोडायच्या, कुंपणाच्या आत मोकळ्या ठेवायच्या. घरामागची जागा मोजली, 40 बाय 45 फूट. 1800 चौरस फूट झाली. मुक्त गोठ्यात मोठ्या जनावराला साधारण 200 चौरस फूट धरतात. आपल्याकडे पाच गाई, दोन कालवडी आणि एक वासरी. भागतं. पश्चिमेला कडुलिंब आहे, तो आतच घ्यायचा.

मामांना (सासऱ्यांना) पटलेलं नाही. "दाव्याला नसंल तर गाय हाताला लागंल व्हय?" हे त्यांचं पहिलं. दुसरं, जाळीच्या पैशात एक कालवड येते. दुसरं बरोबर आहे.

पण खरं कारण दुधाचं नाहीच, शेणाचं आहे. सकाळी साडेचारला आत्या (सासूबाई) आणि मी शेण भरतो, गोठा धुतो, मग धारा, मग वैरण, मग गाई सोडून पाण्यावर न्यायच्या, परत बांधायच्या. संध्याकाळी तेच. दुपारी ऊन फिरलं की सावलीला बांधायच्या. डेअरीचं पासबुक मामांच्या नावावर, गोठा ह्यांच्या नावावर आणि टोपलं आमच्या डोक्यावर. आत्यांचे गुडघे गेलेत. डॉक्टर म्हणतात वजन उचलू नका. ओल्या शेणाचं टोपलं काय वजनाचं असतं ते त्यांनी उचलून बघावं.

10 ऑक्टोबर

दहा दिवसांचा दुधाचा पगार आला. 1 तारखेपासून सरकारने अनुदान लिटरला 5 वरून 7 रुपये केलं आणि डेअरीने द्यायचा दर 30 वरून 28 केला. 3.5 फॅट, 8.5 एसएनएफच्या (फॅट सोडून बाकीचा घन भाग) दुधाला बेरीज 35 ची 35 च. फरक एवढाच की आता त्यातले 7 रुपये मागून येणार, आणि तेही कानातल्या बिल्ल्याचा नंबर ऑनलाइन जुळला तर. हरणीचा बिल्ला बाभळीत अडकून मागेच तुटलाय. नवा मारून घ्यायचा.

15 ऑक्टोबर

दसरा झाल्यावर काम धरलं. जुना दोन इंची पाइप भंगारातून आणला, त्याचे खांब. चेनलिंक जाळी पाच फुटी. मुरूम नऊ ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) टाकला, म्हणजे सगळीकडे अर्धा फूट बसला. उतार ओढ्याकडे. खाली फरशी किंवा कोबा अजिबात नाही, कारण मोकळ्या जनावराला पाय रोवायला आणि बसायला मऊ जमीन लागते. मिस्त्री म्हणाला, "वहिनी, कोबा केला तर धुवायला सोपं." धुवायचंच नाही म्हणून तर सगळं चाललंय.

पाण्याची टाकी मध्ये नको, कुंपणाला लागून. आतून चुना मारला. शेवाळ धरत नाही, आणि पाण्यातून थोडा चुना पोटात जातो तो वेगळा. आमच्याकडे वर्षातले बरेच महिने उसाचं वाढं (शेंड्याचा हिरवा पाला) असतं, त्यातल्या ऑक्झॅलिक आम्लाने कॅल्शियम बांधलं जातं. म्हणून वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडायची, आणि टाकीलाही चुना.

28 ऑक्टोबर, वसुबारस

मुहूर्त मामांनीच काढला. म्हणाले, सोडायच्याच तर आज सोडा. संध्याकाळी राणीची आणि तिच्या वासरीची पूजा केली. आत्यांचा उपास, त्यामुळे त्यांना आज गहू-मूग नाही आणि दूधदुभतंही नाही. डेअरीला मात्र दूध गेलंच. त्याला वसुबारस नसते.

पूजा झाल्यावर सगळ्यांची दावी काढली. मला वाटलं होतं उधळतील. तर पाचही गाई जिथे बांधलेल्या असायच्या तिथेच, खुंट्यापाशी, रांगेत उभ्या. गळ्यात काही नाही आणि हलत नाहीत. पंधरा-वीस मिनिटं तशाच. मग धाकटी कालवड कडुलिंबाकडे गेली, खोडाला मान घासली, शेपटी वर करून एक चक्कर मारली. तिच्यामागे दुसरी. राणी सगळ्यात शेवटी निघाली.

मामा काठी घेऊन फाटकात उभेच होते. काठी लागली नाही.

30 ऑक्टोबर

मारामारी. तांबडीने हरणीला गव्हाणीवरून तीनदा हाकललं. तांबडीला शिंगं आहेत, हरणीची लहानपणीच जाळलेली. हरणीच्या बरगडीवर ओरखडा आला, हळद-तेल लावलं. ह्यांनी तांबडीच्या शिंगांची टोकं कापून घेतली.

दावणीला असताना सगळ्या सारख्याच वाटायच्या. आता कळतंय की गाईंच्यात मान आहे, अपमान आहे, शेजार आहे. राणी पाण्यावर आली की बाकीच्या बाजूला होतात. मुंडी आणि हरणी कायम एकमेकींना लागून बसतात. गव्हाण एका बाजूला 20 फूटच आहे, ती वाढवावी लागेल. दुबळीला खायला दुसरी जागा पाहिजे, नाहीतर पेंड सगळी तांबडीच्या पोटात.

5 नोव्हेंबर

अर्धा एकर मका पेरली, आफ्रिकन टॉल. मुरघासासाठी, म्हणजे आंबवून साठवायच्या हिरव्या चाऱ्यासाठी.

8 नोव्हेंबर

पाण्याबद्दल. आधी दोन वेळा पाजायचो आणि वाटायचं, भरपूर पितात. आता टाकीला फ्लोट लावलाय, हवं तेव्हा पितात. राणी रात्री दोनच्या सुमाराला पिते, मी उठले होते तेव्हा पाहिलं. एक लिटर दूध व्हायला चार-पाच लिटर पाणी लागतं हे प्रत्येक शिबिरात सांगतात. पण शिबिराहून घरी आल्यावर गाय पुन्हा खुंट्यालाच, रात्रभर तहानलेली.

राणी 14 लिटरवर होती, आज साडेपंधरा. बाकीच्यांचं पाव-अर्धा लिटर. हरणीचं काहीच वाढलेलं नाही. जास्त हुरळायला नको, थंडीही पडू लागलीय आणि थंडीत दूध तसंही चढतं.

20 नोव्हेंबर

मतदान करून आलो. लाळ्या-खुरकुताची लस कालच झाली, दूध आज उतरलं. दोन-तीन दिवसांत येईल. मोकळ्या गाईंना टोचायला डॉक्टर कुरकुरले, "धरायच्या कशा?" गव्हाणीच्या मागे अडणी बसवली पाहिजे. मामांनी माझ्याकडे बघितलं, बोलले काही नाहीत. पण बघितलं.

5 डिसेंबर

मुंडीचा माज, म्हणजे भरवायची वेळ, सापडला. हे लिहायलाच पाहिजे. मुंडी वर्षभर मुका माज करत होती: हंबरणं नाही, सोट (माजाचा चिकट स्राव) दिसला तर दिसला, तोही शेणात मिसळून जायचा. 21 दिवस, पुन्हा 21 दिवस, प्रत्येक पाळी हुकली की तेवढी वैरण फुकट. आज पहाटे धारेला गेले तर हरणी तिच्यावर उडी मारत होती आणि मुंडी जागची हलत नव्हती. जी हलत नाही ती माजावर. दावणीला हे कधी दिसलं असतं? बांधलेली गाय उडी मारणार कुठे?

सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची. संध्याकाळी डॉक्टर आले. लिंगनिर्धारित रेतमात्रा घेतली, महाग पडली. नव्वद टक्के कालवड होते म्हणतात. मामांनी "फुले त्रिवेणी"चं विचारलं. त्यांच्या उमेदीत राहुरीच्या विद्यापीठाची ती गाय फार गाजली होती, होल्स्टीन, जर्सी आणि गीर अशा तिन्हींची. आपल्याकडची तांबडी त्याच वळणाची, असं ते सांगतात. कागद काही नाही.

12 जानेवारी 2025

ह्यांनी विचारलं, दूध किती वाढलं ते मांड. मांडलं. मग मी दुसरा हिशेब मांडला, तो त्यांनी मागितला नव्हता.

आधी आत्या आणि मी मिळून गोठ्यात रोजचे साडेसात-आठ तास. आता साडेतीन. आतलं शेण रोज उचलत नाही. थंडीच्या उन्हात ते वाळतं, गाईंच्या खुरांनी भुगा होतं, आणि त्यावर त्या बसतात. फक्त गव्हाणीपाशी आणि धारेच्या जागी झाडलोट. महिन्या-दीड महिन्याने ट्रॉली लावून कोरडं खत निघालं, ते थेट डाळिंबाला. ओल्या शेणाच्या उकिरड्यापेक्षा हे भरायला हलकं आणि शेजारी विकतही मागतात.

आत्या दुपारच्या झोपतात आता. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांना दुपारी आडवं पडलेलं बाळंतिणीच्या खोलीतच पाहिलं होतं, तेही माझ्या.

2 फेब्रुवारी

मका कापली. थंडीमुळे जवळजवळ 90 दिवस घेतले. लष्करी अळीने मध्ये पोंगे खाल्ले होते, दोन फवारण्या गेल्या. दाणा दुधाळ सरून चिकात आला की कापायची. नखाने दाबलं तर दूध उडत नाही, पिठूळ चीक येतो, तेव्हा.

मक्याची कुट्टी (बारीक तुकडे) मुठीत घट्ट दाबून बघायची. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहून पाणी सुटलं तर मका ओली, थांबा. लगेच विस्कटला तर वाळलीय, उशीर झाला. गोळा हळूहळू सैल व्हायला पाहिजे. आज तसाच होत होता. आत्यांनी एकदाच मूठ दाबली आणि "घाला" म्हणाल्या.

टनाच्या पिशव्या. थर टाकायचा, गूळ-मिठाचं पाणी शिंपडायचं, तुडवायचं. तुडवायला गल्लीतली सगळी पोरं. हवा राहिली की बुरशी आली, बाकी सगळं शास्त्र त्यापुढे. तोंड बांधून तारीख लिहिली. 45 दिवस हात लावायचा नाही. उंदरांसाठी कडेने मांजर सोडलीय, तिला सांगितलंय.

19 फेब्रुवारी

शिवजयंतीची मिरवणूक गावात, आणि इकडे हरणी व्यायली. दुपारपासून कळपातून बाजूला होऊन कडुलिंबाच्या मागे उभी होती. कास ताठ, शेपटीच्या बुडाशी खड्डे पडलेले. साडेसातला पाण्याची पिशवी दिसली, सव्वाआठला पुढचे दोन पाय आणि त्यावर नाक, जसं यायला पाहिजे तसं. ओढायला कोणाला हात लावू दिला नाही. कळ आली की तिची तीच ढकलत होती. वासरू पडलं, तिने चाटायला घेतलं. मी नाळ दोन इंचांवर बांधून कापली, आयोडीन लावलं. अर्ध्या तासात पहिला चीक पाजला. वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा चीक पहिल्या काही तासांत पोटात जायलाच पाहिजे, नंतर चिकातली रोगाशी लढायची ताकद आतड्यातून अंगात जात नाही. वार (गर्भाबरोबरचं आवरण) पाच तासांनी पडली. खड्ड्यात पुरली.

खोंड आहे.

21 फेब्रुवारी

खोंडाबद्दल कोणी लिहीत नाही. दूधधंद्याच्या माहितीपत्रकात कालवडीचं संगोपन चार पानं असतं, खोंडाचं एक ओळही नसते.

बैलजोडी गावात बोटांवर मोजण्याएवढी, तीही खिल्लार. संकरित खोंडाला वशिंड नाही, ऊन सोसत नाही, औताला कोण घेणार? 2015 पासून राज्यात गाईबरोबर बैल-वळूच्या कत्तलीलाही बंदी आहे, 1976 च्या कायद्यात ती दुरुस्ती झाली. त्यामुळे व्यापारी पूर्वी जे काही देत होता तेही देत नाही. मग काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. दूध कमी पाजायचं, हगवण लागली तर डॉक्टरला बोलवायचं नाही, आठवड्यात खोंड "आपोआप" जातं. किंवा रात्री टेम्पोतून लांबच्या रस्त्यावर नाहीतर देवळाजवळ सोडून यायचं. कायदा करणाऱ्यांच्या गोठ्यात खोंड किती आहेत, हे एकदा कोणीतरी मोजावं.

आपल्याकडे काय करायचं यावर काल जेवताना कोणी बोललं नाही. आज आत्यांनी बादलीत त्याच्या वाट्याचं दूध मोजून ओतलं, कालवडीला ओततात तेवढंच. म्हणजे ठरलं. महिन्याचा खर्च मी वहीत वेगळ्या पानावर लिहिणार आहे. लपवायचा नाही.

9 मार्च

मुंडी गाभण. डॉक्टरांनी हात घालून तपासली. 280 दिवस धरले तर सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात.

20 मार्च

पहिली पिशवी उघडली. रंग पिवळसर हिरवा, वास आंबूस-गोड, हाताला चिकटत नाही. वरच्या बाजूला वीतभर बुरशी निघाली, ती टाकून दिली. पहिल्या दिवशी हरणीने तोंड लावलं नाही. तांबडीने खाल्लं म्हटल्यावर सगळ्यांनी खाल्लं. सुरुवात पाच किलोपासून, एकदम पंधरा किलो घातलं तर पोट बिघडतं. एका पिशवीच्या बुडाशी उंदराने भोक पाडलेलं. मांजर त्याच पिशवीवर झोपलेली सापडली.

17 एप्रिल

ऊन फार. दुपारी सगळ्या कडुलिंबाखाली दाटीने उभ्या. एक झाड पुरत नाही. हिरवं शेडनेट बांधलं, आणि पेंड आता पहाटे आणि रात्री, दुपारी काही नाही. दूध दिवसाला पाच लिटर उतरलंय सगळं मिळून. ते उतरणारच.

आत बारा गावरान कोंबड्या सोडल्यात. गाय बसली की कोंबडी तिच्या मानेखालचे, कासेजवळचे गोचीड टिपते. गाय मान लांब करून डोळे मिटून पडते. शेणातल्या अळ्याही जातात, माशा कमी. दावणीला कोंबड्या पायाखाली यायच्या, इथे मोकळ्या जागेत त्यांनाही पळता येतं. लम्पीच्या साली, 2022 ला, माशा-गोचिडाचं किती भय होतं! आपली एक कालवड त्यात गेली. त्या वर्षी कडुलिंबाचा धूर करून करून घर काळं पडलं होतं. अंडी घरातली धाकटी विकते, हिशेब तिचा तिच्याकडे, मला बघायला मिळत नाही.

26 मे

लिहायला आज वेळ मिळाला तो वीज नाही म्हणून. वळीव म्हणावा असा हा पाऊसच नाही. बारामती, इंदापूर, फलटण, सगळीकडे पाणीच पाणी. मे महिन्यात ओढा भरून वाहतोय. मामा म्हणतात जन्मात पाहिलं नाही. मान्सूनही एवढ्या लवकर आला.

गोठ्यात खुरापर्यंत चिखल. पाच महिने जे कोरडं शेण चांगलं वाटत होतं त्याचाच राडा झाला. मेअखेरीला सगळं उपसून नवा मुरूम टाकायचा बेत होता, तोपर्यंत पाऊस थांबला नाही. गाई बसायला तयार नाहीत. रात्रभर उभ्या. गाय दिवसातले बारा तास बसते, निवांत रवंथ करते तेव्हा दूध होतं, उभ्या गाईला फक्त पाय दुखतात. जुन्या दावणीच्या छपरात नऊ जनावरं कोंबली. दावी पुन्हा काढली. मामांनीच काढून दिली, आणि "मी सांगत होतो" म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं वाटलं असतं.

1 जून

राणीला दगडी (कासेचा दाह). सकाळी मागचं उजवं सड गरम, दुधात गाठी. बाकीच्या सगळ्यांची सीएमटी, म्हणजे दगडीसाठी दुधाची चाचणी, केली. चार खणांच्या ताटलीत चार सडांचं दूध, त्यात जांभळं द्रावण, गोल फिरवायचं. पातळ राहिलं तर ठीक, जेलीसारखं ओढलं गेलं तर आत आजार आहे, वरून दिसत नसला तरी. तांबडीचं एक सड संशयी. राणीचं औषध चालू, औषध संपल्यावरही डॉक्टरांनी सांगितलेले दिवस दूध डेअरीला नाही. ते खोंडालाही नाही, ओतून दिलं. धारेनंतर सड जंतुनाशकात बुडवायचं आणि लगेच वैरण टाकायची, म्हणजे अर्धा तास तरी गाय खाली बसत नाही. तेवढ्यात सडाचं तोंड मिटतं.

14 जून

चिखलावर उपाय: गव्हाण आणि टाकीच्या कडेने दहा फूट रुंदीचा खडबडीत कोबा, कारण गाई सगळ्यात जास्त तुडवतात ते तिथेच. (मिस्त्रीने पैसे घेताना कोब्याची आठवण करून दिली.) बाकी जागा उपसून मध्ये मुरमाचा उंचवटा, बसायला. पाणी दोन्ही बाजूंनी उतरून चरात. जुन्या छपराची दावण काढून टाकली, छप्पर आतच घेतलं. आता पाऊस आला की त्या आपापल्या आत येतात. खर्च 31 हजार, डाळिंबाच्या पैशातून.

मोकळा गोठा म्हणजे बिनखर्चाचा असं जे सांगत फिरतात, त्यांचं गाव कोरड्या माणदेशात असावं. आमच्याकडे कॅनॉलही आहे आणि आता मेमध्ये पाऊसही.

28 जून

माउलींची पालखी तालुक्यात. आत्या सकाळचं राणीचं दूध घेऊन चहाच्या पातेल्यापाशी गेल्या, औषधाचे दिवस संपून सीएमटी साफ आल्यावरच. डेअरीच्या पावतीत आज तेवढा खड्डा. मामांनी पावती बघितली आणि खिशात ठेवली.

एक वारकरी बाबा घराकडे पाणी प्यायला आले होते, परभणीकडचे. जाळीपाशी उभे राहून बराच वेळ बघत होते. "बांधत न्हाई?" मामा म्हणाले, "छे! बांधून काय करायचं? माज कळत न्हाई." आणि मग त्यांना मुंडीची सगळी कथा सांगितली, जणू पहाटे तेच उठले होते.

6 जुलै, आषाढी

खोंडाचं पान: साडेचार महिन्यांत दूध, वैरण, औषध धरून 11 हजारांच्या वर. उत्पन्न शून्य, शेण सोडून. माण तालुक्यातला एक ओळखीचा बायोगॅससाठी जनावरं ठेवतो, तो बघून गेलाय. अजून काही बोलला नाही.

13 जुलै

दूध सगळं मिळून 52 लिटर. गेल्या वर्षी या दिवसांत 46 होतं, तेव्हाही दुभत्या चारच. फॅट 3.6.

पुढच्या पगारावरून घरात दोन मतं. ह्यांना दोन बादल्यांचं धार काढायचं मशीन पाहिजे. आत्यांना ओटा पाहिजे: गाय वर, माणूस खाली उभा, म्हणजे वाकायला आणि उकिडवं बसायला नको. मशीन आलं तरी सड धुवायला, कप लावायला वाकावंच लागतं, आणि ते कोण करणार हे आत्यांना बरोबर माहीत आहे. मामा ओट्याच्या बाजूने झाले. मिस्त्रीला बुधवारी बोलावलंय, या खेपेला तो म्हणेल ते आधी ऐकून घ्यायचं.